मदत हवी आहे: नोटीस, अपील, ग्रॅच्युइटीची माहिती सभासदांपर्यंत वेळेत कशी पोचवता?

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या एका शिक्षक संघटनेचा मी शाखा सचिव. म्हणजे पावतीपुस्तक, बॅनर आणि व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळणारा माणूस. शाखेत 17 शाळांचे दोनेकशे सभासद आहेत. निम्मे अनुदानित, काही अंशतः अनुदानित, आणि अलीकडे विनाअनुदानित इंग्रजी शाळांतल्या मॅडमही येऊ लागल्यात. कायदा विचारायला वकील आहेत. माझं अडतं ते निरोपाशी.

मागचं सत्र संपताना आमच्या एका मॅडमना ऑफिसात बोलावलं. तुकडी बंद होतेय, म्हणे. पुढ्यात टाइप केलेला राजीनामा. "सही करा, अनुभवाचा दाखला चांगला देतो." मॅडमनी सही केली नाही, शाब्बास त्यांची. आठ दिवसांनी सेवासमाप्तीचं पत्र हातात पडलं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पत्राला 41 दिवस झाले होते. शाळा न्यायाधिकरणात अपील करायला पत्र मिळाल्यापासून 30 दिवस असतात.

मी म्हटलं, "मॅडम, ग्रुपवर टाकलं होतं की." त्यांनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. मी वर सरकवत गेलो. गुलाबाची फुलं, सुप्रभात, कुणाच्या तरी निवृत्ती समारंभाचे फोटो, जुन्या पेन्शनवरचं भांडण, पुन्हा गुलाब. शेवटी माझा निरोप सापडला. चांगला लांबलचक, वर आदरणीय बंधुभगिनींनो, खाली तीन पदाधिकाऱ्यांची नावं. मुदत कुठे? पंधराव्या ओळीत. खरं सांगतो, मान वर करता येईना.

आता विलंब माफीच्या अर्जासह अपील दाखल केलंय. कारण पटलं तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. पण जे काम फुकटात झालं असतं, त्यासाठी आता हातापाया पडणं आलं.

दुसरा घोळ ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा. शाळेनं त्यांना सांगितलं, शिक्षकाला ग्रॅच्युइटी लागूच नाही. आणि आमच्याच ग्रुपवर एका सरांनी 2004 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल फिरवून त्याला दुजोरा दिला! निकाल खराच आहे, पण त्यानंतर 2009 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षक त्यात आले, तेही 3 एप्रिल 1997 पासून. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती दुरुस्ती वैध ठरवली. मॅडमची नोकरी 10 वर्षं 8 महिने, म्हणजे हिशेबाला 11 वर्षं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 धरले तर वर्षाला 15 दिवसांचे, महिना 26 दिवसांचा मानून, 15,000 होतात. एकूण 1,65,000. एवढे पैसे एका फॉरवर्डपायी त्या सोडून देणार होत्या.

बरं, एकच निरोप सगळ्यांना चालतही नाही. अनुदानितवाल्याला संचमान्यतेत (पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) अतिरिक्त ठरलो तर समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेणं, कुठे, सेवाज्येष्ठता यादीवर हरकत कधी, याची चिंता. विनाअनुदानितवाल्यांना समायोजन हा शब्दच परका. त्यात डिसेंबरात अधिवेशन लागलं की आम्ही सगळे मोर्च्याच्या तयारीत. तेव्हा कुणाचा फोन आला तर "नंतर बोलू" म्हणतो, हेही कबूल करतो.

आणि ग्रुपमध्ये तीन मुख्याध्यापक आहेत, सभासदच आहेत ते. त्यांच्यासमोर "मला नोटीस आलीय" असं कोण लिहील?

तुमच्याकडे हे कसं करता? कागद हातात पडला की माणसानं त्याच आठवड्यात आपल्याला गाठावं, एवढंच हवंय. ॲप बनवा असं कृपया सांगू नका, दोन वर्षांपूर्वी बनवलं होतं.

*

वर्ध्याचा मास्तर: सर, लांब निरोप कोणी वाचत नाही, तुम्ही कितीही लिहा. आम्ही कार्ड छापलं, ओळखपत्राच्या मागे बसेल एवढं. त्यावर दोनच ओळी: "सही करण्याआधी फोन करा. पत्र मिळाल्याची तारीख पत्रावरच लिहून ठेवा." खाली दोन नंबर. मुदतीचा आकडा मुद्दाम टाकला नाही. 30 दिवस लिहिले की लोक अठ्ठाविसाव्या दिवशी उगवतात.

हिशेबनीस: ग्रुप फक्त पदाधिकाऱ्यांना लिहिता येईल असा करून टाका आणि ब्रॉडकास्ट यादी वापरा. अनुदानित एक, विनाअनुदानित एक. उत्तर फक्त तुम्हालाच दिसतं, मुख्याध्यापकाला नाही. मात्र ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. आमचे चाळीस जण असेच कोरडे राहिले होते. पावती फाडताना समोर बसवून नंबर सेव्ह करून घ्या.

गोंदियाकर: राजीनाम्याचं काऊन नाही सांगत बापा कोणी? खाजगी शाळांच्या 1977 च्या कायद्यात कलम 7 आहे. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टानं व्यवस्थापनाला, दुसरी आपल्याजवळ. ऑफिसात बसवून टाइप केलेल्यावर सही मागून राहिले म्हणजे तिथंच समजून जा.

धागाकर्ता: कार्डाची कल्पना घेतली, आकडा न टाकण्यासकट. गोंदियाकर, कलम 7 मागच्या बाजूला छापतो. काल ब्रॉडकास्ट यादी करून चाचणीचा निरोप पाठवला तर 63 जणांना पोचलाच नाही, त्यात आमचे कोषाध्यक्ष. या शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन शाळांमध्ये पावतीपुस्तक घेऊन जातोय. एक शंका उरलीच: शाळेत आपला प्रतिनिधी नेमताना ज्येष्ठ शिक्षक घ्यावा की नवा? ज्येष्ठाला सगळे मानतात, पण नोटीस येते ती नव्यांना, आणि ते त्यांच्याशी बोलत नाहीत.