केंटे शिकवायचे ते नक्षी म्हणून की विचार म्हणून?

उभा धागा
घानातील कुमासी शहराजवळ बोनवीरे हे केंटे म्हणजे अरुंद पट्ट्या जोडून होणारे हातमागाचे वस्त्र विणणाऱ्यांचे आणि एन्तोन्सो हे आदिंक्रा म्हणजे अर्थपूर्ण चिन्हांचे ठसे कापडावर छापणाऱ्यांचे गाव आहे. राजधानी अक्राजवळच्या अचिमोटा येथील कलाशिक्षण विभाग 1952 साली कुमासीला हलवला गेला, आज तेथील विद्यापीठात विणकामही शिकवले जाते. तरीही आफ्रिकी वारसा डिझाइनच्या वर्गात आणायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती नक्षीच, असा माझा आक्षेप आहे. मागे वळून पाहणाऱ्या पक्ष्याचे ‘संकोफा’ हे आदिंक्रा चिन्ह संगणकावर गिरवून टी-शर्टवर बसवले की काम झाले असे मानले जाते. बादी झाडाची साल भिजवून, कुटून, उकळत उकळत दाट काळा रंग कसा करायचा आणि तुंब्याच्या कवचावर कोरलेला ठसा किती दाबाने उमटवायचा, याला मात्र गुण नसतात.

केंटेचेच पाहा. विणकर पायाच्या बोटांत दोऱ्या धरून उभे धागे वरखाली करतो. समोर अंगणभर लांब पसरलेले हे धागे दगडाच्या वजनाने ताठ राहतात आणि हातून उतरते ती जेमतेम चार इंच रुंदीची पट्टी. अशा वीसेक पट्ट्या शेजारीशेजारी शिवल्या की पुरुषाचे वस्त्र होते. म्हणजे विणताना पूर्ण वस्त्र नजरेपुढे नसते, तरी शेवटी चौकटी जुळाव्या लागतात. हा हिशेब पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रत्यक्ष मागावर बसवून शिकवावा, असे माझे मत आहे. झिंबाब्वेतील हरारेत साकी माफुंडिक्वा या डिझाइनरने 1999 साली ग्राफिक डिझाइनची संस्था काढली आणि पुढे आफ्रिकेतील लिप्यांवर पुस्तक लिहिले, तेही याच वाटेने जाणारे काम आहे.

रोखठोक नाना
आपले वर्णन सुरेख आहे, पण ‘आफ्रिकी वारसा’ या शब्दांवर आपण फारच विसंबता. अठराव्या शतकात आसांते, म्हणजे कुमासी भागातील समाजाच्या, विणकरांनी परदेशातून आलेले रेशमी कापड उसवून त्याचे धागे केंटेत घातले, मग शुद्ध देशी कशाला म्हणायचे? दुसरे असे, की आसांते परंपरेत स्त्रियांनी मागावर बसणे निषिद्ध मानले जाई. मासिक पाळीच्या विटाळाची कल्पना त्यामागे होती, जी आपल्यालाही परकी नाही. परंपरा जशीच्या तशी वर्गात आणायची तर अर्ध्या वर्गाला बाहेर बसवणार काय? आणि तो निर्बंध गाळायचा असेल, तर काय ठेवायचे नि काय टाकायचे हे ठरवणारा प्राध्यापक शेवटी विद्यापीठाचाच असणार. शिवाय पदवीनंतर मुलाला पॅकेजिंगच्या किंवा मोबाइल अ‍ॅपच्या कामावर बसायचे आहे. चार महिने मागावर घालवल्याचे उत्तर त्याने मुलाखतीत काय द्यावे?

अक्रामुक्कामी
मी नोकरीनिमित्त अक्रात राहतो, म्हणून एक व्यवहाराची बाजू मांडतो. येथील बाजारात केंटेच्या नक्षीचे यंत्रावर छापलेले स्वस्त कापड ढिगाने मिळते आणि हाताने विणलेल्या वस्त्राची किंमत त्याच्या कैक पट असते. घानाच्या 2005 च्या कॉपीराइट कायद्याने लोकपरंपरेतील अशा आविष्कारांचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे विश्वस्त म्हणून सोपवले आहेत, म्हणजे कागदावर तरी ही नक्षी बेवारस नाही. विद्यार्थ्याने बोनवीरेत शिकलेली वीण पुढे एखाद्या कंपनीच्या संग्रहात दिसली तर विणकराच्या हाती काय पडणार, हे अभ्यासक्रमात लिहिलेले असावे. आपल्याकडे वारली चौक चहाच्या कपांवर पोचला, त्याचे पैसे डहाणूच्या किती पाड्यांवर पोचले, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

उभा धागा
नाना, रेशमाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. परका धागा उसवून आपल्या मागावर चढवणे यापेक्षा चांगला डिझाइनचा धडा मला सुचत नाही. ‘अद्वेनेआसा’ या वीणप्रकाराच्या नावाचा अर्थच ‘माझे सारे कसब संपले’ असा सांगतात, म्हणजे नवे काही करून दाखवण्याची हौस परंपरेच्या पोटातच आहे. स्त्रियांबद्दलचा आक्षेप मात्र मला निमूट मान्य आहे. तो निर्बंध झाकून ठेवू नये, विणकरासमोरच त्याची चर्चा व्हावी, आणि ती चर्चा अवघड जाईल हेही मला दिसते आहे. अक्रामुक्कामींच्या सूचनेला माझी एक पुरवणी आहे. विणकराला ‘पाहुणा कलाकार’ म्हणून शाल देऊन वाटेला लावू नये, त्याला तासिकेचे मानधन द्यावे आणि गुण देण्याचा अधिकारही.

रोखठोक नाना
मानधनाचे ठीक आहे, गुणांवर गाडे अडेल. पदव्युत्तर पदवी नसलेल्या माणसाच्या सहीची गुणपत्रिका कोणते परीक्षा मंडळ स्वीकारते, ते आधी सांगा. तेवढे एक जमवून आणलेत तर मागावरच्या चार महिन्यांना माझी हरकत नाही. पॅकेजिंगच्या नोकरीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.