ओपेथ (स्वीडिश मेटल बँड): सुरुवात कुठून करू?

मित्र म्हणतो त्यांचा 'ब्लॅकवॉटर पार्क' अल्बमच ऐक. गिटार जबरदस्त, पण गायकाची ती राक्षसी गुरगुर मला झेपत नाही. काय करू?

> 'डॅम्नेशन' (2003) लाव. अख्ख्या अल्बमात गुरगुर नाही. गुरगुरणाऱ्या 'डिलिव्हरन्स'च्या जोडीनेच ध्वनिमुद्रित केलेला, निर्मितीत ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन.

> पळवाटा कसल्या सांगताय! स्टॉकहोमच्या या पोरांनी 1995 मध्ये 'ऑर्किड' अल्बम काढला तेव्हापासून खरी मजा त्या उलथापालथीतच आहे. 2001 चं 'द ड्रेपरी फॉल्स' गाणं घे, दहा मिनिटांच्या वर. आधी गायक ओकरफेल्ट हळुवार गातो आणि मग त्याच गळ्यातून राक्षस बाहेर येतो. 2011 च्या 'हेरिटेज'पासून राक्षस गायब झाला, आम्ही बोंबललो. 2024 च्या अल्बमात परतला एकदाचा!

> 'डॅम्नेशन' लावला. पहिल्याच 'विंडोपेन'वर अडकलोय.