गड्ड्याची मिरवणूक, पांढरी बाराबंदी आणि एक्स्पोजर

चाटी_गल्ली

नमस्कार मंडळी. जानेवारीत सोलापुरात गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो काढायचे आहेत. अडचण अशी की भर उन्हात पांढऱ्या बाराबंदीवरच्या चुण्या, शिवण, बंद सगळं उडून जातं आणि अंगरखा कोऱ्या कागदासारखा दिसतो. म्हणून एक्स्पोजर (फोटोला मिळणारा उजेड) कमी केलं की चेहरे काळवंडतात. मागच्या स्क्रीनवर फोटो बरा वाटतो, संगणकावर उघडला की खरा प्रकार कळतो.

कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत १८-५५ आणि ७०-३००. ए मोड (अ‍ॅपर्चर म्हणजे एफ आकडा मी ठरवतो, शटर कॅमेरा), मॅट्रिक्स मीटरिंग (अख्ख्या चौकटीचा उजेड मोजणारं), ऑटो आयएसओ (संवेदनशीलता कॅमेरा ठरवतो), जेपीईजी. भावाकडे सोनीचा मिररलेस आहे, तोही वापरता येईल. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) नेमका कसा वाचायचा? मॅट्रिक्स ठेवू की स्पॉट (छोटासा भागच मोजणारं)? रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) घेतलं तर हा त्रास आपोआप मिटतो का?

डार्करूम

आधी स्क्रीनवर विसंबणं सोडा. उन्हात स्क्रीन फिकी दिसते म्हणून आपण तिचा ब्राइटनेस वाढवतो आणि मग कमी उजेडाचा फोटोही झकास वाटतो. स्क्रीनचा ब्राइटनेस शून्यावर ठेवा आणि ती फक्त चौकट नि फोकस बघायला वापरा. एक्स्पोजरचा निर्णय हिस्टोग्राम आणि हायलाइट्सच्या (सगळ्यात उजळ भागांच्या) लुकलुकण्यावर घ्या.

डी५६००मध्ये प्लेबॅक मेनूत ‘प्लेबॅक डिस्प्ले ऑप्शन्स’मध्ये जा, ‘हायलाइट्स’ आणि ‘आरजीबी हिस्टोग्राम’ या दोन्हींसमोर खूण करा आणि ओके दाबा. ओके न दाबता बाहेर पडलात तर खूण टिकत नाही. मग फोटो बघताना मल्टी सिलेक्टर वर-खाली दाबला की ही पानं येतात. जिथे तपशील संपला तो भाग लुकलुकतो.

आता बाराबंदी का उडते ते. मीटरला कपडा पांढरा आहे हे कळत नाही, समोरचा उजेड मधल्या करड्या छटेला आणायचा एवढंच त्याला ठाऊक. चौकट भरून पांढरे कपडे असतील तर तो फोटो अंधारा करतो, तेव्हा +०.७ ते +१.३ स्टॉप एक्स्पोजर भरपाई द्यावी लागते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). याउलट मागे सावलीतली दुकानं, काळपट भिंत आणि मधे दोनच माणसं उन्हात असतील तर तो अंधाराला उजळायला जातो आणि तीच दोन माणसं जळतात. तिथे -०.७ ते -१ लागतं. एकाच गल्लीत दहा पावलांवर दोन्ही प्रकार होतात, त्यामुळे ‘बाराबंदीला नेहमी उणे एक’ असा ठरीव आकडा चालत नाही.

हिस्टोग्रामला ‘चांगला आकार’ असा नसतो. मधे डोंगर आणि दोन्हीकडे उतार हवा, असं बरेच जण सांगतात, ते सोडून द्या. फक्त उजवा, म्हणजे उजळ छटांचा, काठ बघा. आलेख काठाला टेकायच्या जरा आधी उतरला तर पांढऱ्यात जीव आहे. काठावर उभी भिंत झाली तर तेवढे पिक्सेल गेले. मात्र काय गेलं तेही पाहा: पितळेवरची चमक किंवा आकाशातला सूर्य लुकलुकला तर हरकत नाही, छातीवरचा कपडा लुकलुकला तर एक तृतीयांश स्टॉप खाली या आणि परत बघा.

रॉ_फाइल

डार्करूम दादांच्या म्हणण्यात एक भर. कॅमेरा जो हिस्टोग्राम दाखवतो तो रॉचा नसतो, आत तयार झालेल्या जेपीईजीचा असतो. तुम्ही फक्त रॉ काढलंत तरी. म्हणून पिक्चर कंट्रोल (जेपीईजीचे रंग नि कॉन्ट्रास्ट ठरवणारी सेटिंग) ‘व्हिव्हिड’ असेल तर कॉन्ट्रास्ट वाढून आलेख लवकर काठाला लागतो आणि तुम्ही उगाच एक्स्पोजर खाली आणता. रॉ काढताना पिक्चर कंट्रोल ‘न्यूट्रल’ किंवा ‘फ्लॅट’ ठेवा, आलेख रॉच्या बराच जवळ येतो. स्क्रीनवरचा फोटो मिळमिळीत दिसेल, दिसू द्या. ‘अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग’ बंद ठेवा. ते चालू असलं की मॅट्रिक्समध्ये कॅमेरा स्वतःहून एक्स्पोजर कमी करून सावल्या उचलतो. जेपीईजीला त्याचा फायदा होतो, पण रॉवाल्याला आपण नेमकं काय दिलं ते कळेनासं होतं. कॅननवाल्यांनी याच कारणासाठी ‘ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर’ बंद करावं.

रॉने त्रास आपोआप मिटत नाही. जेपीईजीत जिथे लुकलुकतं तिथे रॉमध्ये साधारण अर्धा ते एक स्टॉप शिल्लक असतो, कॅमेऱ्यानुसार कमी-जास्त. त्यापलीकडे सेन्सरचे तिन्ही रंग भरले की तो कपडा कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. सावली मात्र आयएसओ १००-२०० वर दोन-अडीच स्टॉप सहज उचलता येते. म्हणून उन्हात कपडा वाचवायचा आणि चेहरा नंतर उचलायचा, हा क्रम. हे जेपीईजीत करायला गेलात तर चेहऱ्यावर डाग नि पट्टे दिसतात, तेव्हा रॉ घ्याच.

आणि लाल रंगाकडे लक्ष ठेवा. कुंकू, भगवं कापड, झेंडूचे हार यात लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो. एकत्रित पांढरा आलेख प्रामुख्याने हिरव्यावर चालतो, तो ‘सगळं ठीक’ म्हणतो आणि झेंडूच्या पाकळ्या मात्र सपाट केशरी गोळा होतात. म्हणूनच आरजीबी हिस्टोग्राम म्हणतोय. लाल आलेख एकटाच काठाला चिकटला असेल तर अर्धा स्टॉप खाली या. व्हाइट बॅलन्सनेही हा आलेख हलतो: ‘शेड’ लावून उन्हात काढलं तर लाल आहे त्याहून जास्त भरलेला दिसतो. उन्हात ‘डायरेक्ट सनलाइट’वर ठेवा.

चाटी_गल्ली

दोघांनाही धन्यवाद. मिरवणूक चालत असते, दर फोटोनंतर हिस्टोग्राम बघत बसलं तर प्रसंग निघून जातो. त्याला काय करायचं? आणि स्पॉटचं राहिलंच.

डार्करूम

दर फोटोला बघायचंच नाही. ऊन बदलत नाही तोवर एक्स्पोजर बदलायचं कारण नाही, तेव्हा सरळ एम मोड (शटर नि अ‍ॅपर्चर दोन्ही आपण ठरवायचं) घ्या आणि ऑटो आयएसओ बंद करा. निरभ्र दुपारी, ऊन माणसांवर समोरून पडत असेल तर आयएसओ १००, एफ ८, १/४०० इथून सुरू करा. पांढऱ्यासाठी १/५०० किंवा १/६४० वर जावं लागेल. मिरवणूक यायच्या आधी त्याच उन्हात उभ्या असलेल्या बाराबंदीवाल्याचा एक फोटो घ्या, लुकलुकणं थांबेपर्यंत शटर एकेक टप्पा वेगवान करा. झालं. आता चौकटीत पांढरं किती आणि काळं किती याने काही फरक पडत नाही, मीटर बाजूला झाला. ढग आला किंवा सूर्य उतरला तरच परत तपासा.

स्पॉटही याच कामाला. डी५६००चा स्पॉट चौकटीचा सुमारे अडीच टक्के भाग मोजतो आणि निवडलेल्या फोकस पॉइंटबरोबर सरकतो. एम मोडमध्ये तो पॉइंट उन्हातल्या कपड्यावर ठेवा, व्ह्यूफाइंडरमधली पट्टी +२ दाखवेल असं शटर लावा आणि एक फोटो काढून खात्री करा. शून्यावर आणलंत तर बाराबंदी करडी येईल, इथेच बहुतेकांचं फसतं. ए मोडमध्ये स्पॉट लावून मिरवणुकीत फिरू नका. पॉइंट एकदा कपड्यावर, एकदा केसांवर पडतो आणि लागोपाठच्या फोटोंत तीन-तीन स्टॉपचा फरक येतो. कॅननच्या काही प्राथमिक मॉडेलांत स्पॉट नसतो, पार्शल असतं, ते सुमारे १० टक्के भाग मोजतं. त्यांनी जवळ जाऊन किंवा झूम करून कपड्याने तो भाग भरून घ्यावा.

गल्लीत ऊन-सावलीची सरमिसळ असेल तिथे मात्र तुमचा ए मोड बरा. मॅट्रिक्स, ऑटो आयएसओ, किमान शटर १/२५०, कमाल आयएसओ ३२००, आणि बोट भरपाईच्या बटणावर, अंगठा डायलवर.

कंबर_तलाव

भावाचा सोनी मिळत असेल तर तोच न्या, ताई/दादा जे असाल. झेब्रा चालू करा आणि पातळी १००+ ठेवा. फोटो काढायच्या आधीच जळणाऱ्या भागावर तिरपे पट्टे चालताना दिसतात. बाराबंदीवर पट्टे येईपर्यंत उजेड वाढवायचा, मग ते जेमतेम जातील एवढा कमी करायचा. दोन सेकंदांचं काम. ‘लाइव्ह व्ह्यू डिस्प्ले’मध्ये ‘सेटिंग इफेक्ट ऑन’ हवं, नाहीतर स्क्रीनवर एक आणि फोटोत भलतंच. झेब्राही जेपीईजीवरूनच चालतो, तेव्हा वरचं न्यूट्रल प्रोफाइलचं इथेही लागू.

निकॉनच्या डी७५०, डी७५०० अशा मॉडेलांत हायलाइट-वेटेड मीटरिंग असतं, ते पांढरं आपोआप सांभाळतं. डी५६००मध्ये नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी वापरावं, पण चेहरे अंधारे येणार हे धरून रॉच काढावं.

सूर्य माणसांच्या मागे असेल तर एवढ्याने भागत नाही, तिथे फिल फ्लॅश (चेहऱ्यावरची सावली उजळणारा) लागतो. डी५६००मध्ये फ्लॅशबरोबर शटरची कमाल गती १/२०० आहे आणि हाय-स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरला फ्लॅश चालवायची सोय) नाही. म्हणजे उन्हात आयएसओ १०० ला एफ ११ च्या आसपास जावं लागेल आणि अंगचा फ्लॅश दोन-अडीच मीटरपलीकडे फारसं काही करणार नाही. त्यापेक्षा रस्त्याची बाजू बदला, ऊन पाठीशी घ्या.

रात्रीच्या रोषणाईत वेगळी भानगड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५०० ला काढलंत तर एक फोटो उजळ, दुसरा अंधारा, कधी आडवे पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. इथे आलेख डावीकडे गोळा झालेला असणार, तो तसाच बरोबर आहे, उजवीकडे ढकलू नका. दिव्यांचे ठिपके लुकलुकतील, लुकलुकू द्या, भोवतीच्या चेहऱ्यांवर एक्स्पोजर धरा.

चाटी_गल्ली

दादाच म्हणा. 🙂 होम मैदानावरच्या दारूकामाला हेच धरायचं का?

रॉ_फाइल

नाही, तिथे मीटर बंद असल्यासारखाच वागा. तिपाई, एम मोड, आयएसओ १००, एफ ११, शटर बल्बवर. बाण वर जाताना उघडायचं, फुलून विझत आला की मिटायचं, साधारण २ ते ५ सेकंद. हलत्या ठिणगीची रेघ किती उजळ येणार ते शटरवर नाही, अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरतं. शटर फक्त एका फोटोत किती फुलं येतील ते ठरवतं. पहिल्या दोन फोटोंचा आरजीबी हिस्टोग्राम बघा. रेघा रंग हरवून पांढऱ्या झाल्या असतील तर एफ १३ किंवा १६. फोकस लांबच्या दिव्यावर धरून मॅन्युअलवर टाका. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा, नाहीतर चार सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो आणि पुढचा बाण निसटतो. धूर साचला की फोटो दुधाळ येतात, म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं सोडू नका आणि वारा पाठीमागून येईल अशी जागा धरा.