घोडीचं पोट पुन्हा पुन्हा दुखतंय, खुराकात काय चुकतंय? मदत हवी आहे

रानवारा
घोडी नऊ वर्षांची. दोन महिन्यांत तीनदा पोटशूळ झाला, तिन्ही वेळा संध्याकाळच्या खुराकानंतर दोन-तीन तासांत. पुढच्या पायाने जमीन उकरते, मान वळवून कुशीकडे बघते, बसते, उठते. डॉक्टरांच्या इंजेक्शनने उतरतं. लीद एरवीही कोरडी आणि बारीक गोळ्यांची असते.
भरडलेला जव सकाळ-संध्याकाळ अडीच-अडीच किलो, वाळलेलं गवत दिवसाला ४ किलो. काम तासभर, बाकी वेळ ठाणावर बांधलेली. पाणी तीन वेळा बादलीने. छातीचा घेर १६८ सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १४८ सेंमी.
नेमकं काय बदलू? आणि पुन्हा दुखलं तर डॉक्टर पोचेपर्यंत काय करायचं?

पागा
मापं दिलीत ते फार बरं केलंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. म्हणजे घोडी सुमारे ३५० किलोची. आता हिशोब बघा.
घोड्याला वैरण, कोरडा अंश (पाणी वगळून उरणारं वजन) धरून, रोज वजनाच्या किमान दीड टक्का लागते. तिच्यासाठी ती सव्वापाच किलो, म्हणजे वाळलेलं गवत ६ किलो. ७ दिलंत तर उत्तम. तुम्ही ४ देताय.
जवाचं उलट आहे. एका वेळी स्टार्च वजनाच्या दर किलोला १ ग्रॅमच्या आत हवा, म्हणजे हिला ३५० ग्रॅम. जवात निम्म्याहून जास्त स्टार्च असतो, म्हणून एका वेळचा जव ६०० ग्रॅमच्या आसपास थांबायला हवा. अडीच किलो म्हणजे चौपट. घोड्याचं जठर लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, गॅस आणि आम्ल तयार होतं. खुराकानंतर दोन-तीन तासांनी दुखणं याच्याशी जुळतं. यातूनच लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची वेदनादायक सूज, हीसुद्धा होऊ शकते.
मात्र एका दिवसात सगळं उलटंपालटं करू नका, अचानक बदल हेही पोटशूळाचं मोठं कारण आहे. आजपासून आहे तोच जव चार वेळांत वाटा. रोज पाव किलो कमी करत दोन वेळा ६०० ग्रॅमवर या. गवत दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवा. आधी गवत, मग जव. गवत बारीक भोकांच्या जाळीत दिलं की सावकाश खाते, पोट जास्त वेळ रिकामं राहत नाही.

टापटाप
कोरडी लीद मला जास्त खटकते. बादली तीनदा दाखवणं पुरत नाही, पाणी चोवीस तास समोर हवं. या वजनाला थंड हवेत २० लिटरच्या आसपास लागतं, उन्हात आणि कामाच्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत. वाळलेल्या गवतावर असेल तर आणखी. भांडं रोज घासा, घाणेरडं पाणी घोडा टाळतो. थंडीत कोमट पाणी दिलं तर जास्त पितो. मीठ रोज ३५ ग्रॅम, पाणी हाताशी असेल तरच.
जमीन वाळूची आहे का? लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक बरणीत पाण्यात ढवळून ठेवा. तळाशी चमचाभर वाळू बसली तर तेही कारण धरा, आणि गवत जमिनीवर टाकू नका.

रानवारा
वाळू नाही, फरशी आहे. आठवड्यातून एकदा कोंड्याचा लगदा देऊ का, पोट साफ व्हायला?

पागा
नको. त्याने पोट साफ होत नाही. आठवड्यातून एकदाच येणारी वस्तू म्हणजे दर आठवड्याला अचानक बदल. पाणीच वाढवायचं तर गवत भिजवून द्या.

वैरणकाडी
डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते राहिलंच. खाणं सगळं काढा. नाडी मोजा, जबड्याच्या हाडाखाली बोटाने लागते. निरोगी घोड्याची विसाव्यात २८ ते ४४, श्वास मिनिटाला ८ ते १६, गुदद्वारातलं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. हे आकडे ती बरी असताना आठवडाभर लिहून ठेवा, तिचं नेहमीचं कळल्याशिवाय बिघडलेलं कळत नाही. नाडी ६० च्या वर, हिरड्या गडद लाल वा निळसर, किंवा सतत लोळणं असेल तर क्षणभरही थांबू नका.
शांत असेल तर पडून राहू द्या. लोळून इजा होईल असं वाटलं तरच दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, तासन्‌तास नाही. तोंडाने तेल ओतू नका, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. तेल लागलंच तर डॉक्टर नाकातून नळी घालून देतात. डॉक्टरांना न विचारता वेदनाशामकही नको, दुखणं झाकलं जातं आणि ऑपरेशनची वेळ निघून जाते.
दोन तपासण्या करून घ्या. एक दातांची, वर्षातून एकदा तरी. गवताचे चघळलेले बोळे तोंडातून पडतात का ते बघा. धारदार झालेल्या दाढा कानस लावून घासतात, नाहीतर वैरण नीट चावली जात नाही आणि आतड्यात अडकते. दुसरी, लिदीतल्या जंतांच्या अंड्यांची मोजणी. ग्रॅमला २०० च्या वर आली तर औषध, तेही मोजलेल्या वजनावर, आणि १४ दिवसांनी पुन्हा मोजणी. अंडी कमी झाली नसतील तर ते औषध तिथे चालत नाही. पट्टकृमी (फितीसारखा चपटा जंत) या मोजणीत बहुतेकदा सुटतो, आणि तोही पोटशूळ करतो, म्हणून डॉक्टरांना त्याचं वेगळं विचारा.

टापटाप
लॅमिनायटिस वेळीच कळावा म्हणून, जव कमी होईपर्यंत रोज खुरावर हात ठेवा आणि गुडघ्याखाली, खुराच्या वर मागच्या बाजूची नाडी चाचपा. ती ठसठस लागली, खुर गरम असला, किंवा घोडी भार मागे टाकून टाचांवर उभी राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर. तोवर चारही पाय बर्फाच्या पाण्यात, आणि चालवणं पूर्ण बंद.