ड्यूक ऑफ आओस्ता एवढा सभ्य होता, तर झेरेतचं काय?

रानवाट (धागाकर्ता):
दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन सेनानींची टर उडवणारेसुद्धा एका नावापाशी आदराने बोलू लागतात: आमेदेओ, आओस्ताचा ड्यूक. इटलीच्या राजाच्या चुलतभावाचा मुलगा, जन्म १८९८, तुरिन. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता. मग ओळख लपवून बेल्जियन काँगोत साबणाच्या कारखान्यात नोकरी (हा भाग मलाही आवडतो), लिबियात उंटस्वार पथकं, पुढे हवाई दल. डिसेंबर १९३७ मध्ये ग्रात्सियानीच्या जागी इटालियन पूर्व आफ्रिकेचा (म्हणजे इटलीच्या ताब्यातल्या इथिओपिया, एरिट्रिया, सोमालियाचा) व्हाइसरॉय झाला. मे १९४१ मध्ये इथिओपियातल्या आंबा आलाजीच्या डोंगरावर शरण आला, ब्रिटिशांनी सन्मानाने सलामी दिली, मार्च १९४२ मध्ये नैरोबीत युद्धकैदी असतानाच वारला.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याचं सगळं नाव हरण्याच्या पद्धतीवर उभं आहे. राज्य कसं केलं, हे कोणी विचारतच नाही. एप्रिल १९३९ मध्ये इथिओपियातल्या झेरेतच्या गुहेत आसरा घेतलेल्या, इटलीविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांवर आणि त्यांच्या बायकामुलांवर इटालियन फौजेने विषारी वायू सोडला. शेकडो माणसं मेली. असला वायू वापरणार नाही, असं १९२५ च्या जिनिव्हा करारात इटलीने कबूल केलं होतं. तेव्हा व्हाइसरॉय कोण होता?

जुनाखलाशी:
साफ असहमत. त्याच्या आधी काय चाललं होतं ते सोयीस्कर गाळलंत. फेब्रुवारी १९३७ मध्ये ग्रात्सियानीवर बॉम्ब फेकले गेले, त्याचा सूड म्हणून इटालियनांनी इथिओपियाची राजधानी अदिस अबाबात तीन दिवस दिसेल त्याला मारलं. त्या माणसाला हटवून आमेदेओला पाठवलं. त्याने सरसकट फाशीसत्र आवरलं, सरदारांशी बोलणी सुरू केली. आणि लष्कर त्याच्या मुठीत होतं कुठे? १९३८-३९ मध्ये फौजांची सूत्रं जनरल काव्हालेरोकडे होती, आणि दोघांचं पटत नव्हतं हे जगजाहीर आहे.

तिखटमीठ:
पटत नव्हतं तर राजीनामा द्यायचा. राजघराण्यातल्या माणसाला मुसोलिनी तुरुंगात थोडाच टाकणार होता! ग्रात्सियानीशी तुलना केली की कोणीही संत ठरेल. लिबियातही हा त्याच ग्रात्सियानीच्या मोहिमांत लढला, १९३१ च्या कुफ्रा मोहिमेतसुद्धा. आणि इटालियन माणसाने आफ्रिकन बाईबरोबर संसार केला तर तुरुंग, हा कायदा १९३७ चा. तो आधीचा, मान्य. पण जून १९३९ मध्ये ‘वंशाची प्रतिष्ठा’ जपायला आणखी कडक कायदा आला, तेव्हा गादीवर हाच होता ना?

सह्यकडा:
थोडं अवांतर. या ड्यूकचं राज्य बुडवण्यात आपलीही माणसं होती. एरिट्रियातल्या केरेनची लढाई फेब्रुवारी-मार्च १९४१ ची. समोर उभे कडे, वर इटालियन मोर्चे. तिथली फ्लॅट टॉप टेकडी घेतली ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनने. पुढे १९४४ मध्ये इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगावकडचे यशवंत घाडगे याच बटालियनचे. आंबा आलाजीलाही पाचवी भारतीय डिव्हिजन होतीच. ड्यूकच्या सभ्यपणाचे गोडवे गाणाऱ्या लिखाणात ही पोरं एका ओळीत उरकतात.

बाकी सलामीचं म्हणाल तर मला त्यात विशेष काही वाटत नाही. हा गडी थोडा इंग्लंडमध्ये शिकलेला, फर्डं इंग्रजी बोलणारा. साहेबाने साहेबाला सलाम ठोकला.

जुनाखलाशी:
@सह्यकडा, मराठा पलटणीबद्दल +१. पण सलामीवर असं पाणी ओतू नका. वर जखमी वाढत होते, पिण्याचं पाणी तेलाने नासलं होतं, तरी शेवटपर्यंत तो सैनिकांबरोबर डोंगरावर राहिला. त्याआधी अदिस अबाबात लढाई होऊ दिली नाही. शहरात हजारो इटालियन बायकामुलं होती, म्हणून ६ एप्रिलला शहर न लढता दिलं. मरतानाही इटलीला न्या म्हणाला नाही. केनियात न्येरीला आपल्या सैनिकांसोबत पुरलाय.

रानवाट:
शूर होता, सैनिकांचा होता. कबूल. वाद त्यावर नाहीच. अदिसमधली बायकामुलं दिसली, झेरेतमधली दिसली नाहीत, एवढंच मी म्हणतोय.

जुनाखलाशी:
दिसली नाहीत की कोणी कळवलंच नाही? वायूच्या आदेशावर त्याची सही असलेला कागद दाखवा, मी मत बदलतो.

तिखटमीठ:
व्हाइसरॉयला दीड वर्षात हे कळत नसेल, तर तो पगार कसला घेत होता?