लान्स रेडिक: डॅनियल्स मोठा की झवाला?

निशाचर
'द वायर' ही बाल्टिमोरच्या पोलिसांवरची अमेरिकन मालिका तिसऱ्यांदा बघायला घेतली आहे, त्यामुळे हा विषय परत डोक्यात घोळतोय. त्यात डॅनियल्स हा पोलिस अधिकारी झालेले नट लान्स रेडिक १७ मार्च २०२३ ला गेले, अवघ्या साठाव्या वर्षी. तेव्हा त्यांच्याबद्दल जे काही वाचलं त्यात आधी 'द वायर', मग 'जॉन विक', आणि गेम्स आलेच तर 'शिवाय' या शब्दानंतर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

२०१४ च्या 'डेस्टिनी' या व्हिडिओ गेमपासून शेवटपर्यंत हा माणूस कमांडर झवाला होता. 'द वायर' चालली २००२ ते २००८, साठ भाग, आणि त्यातल्या बऱ्याच भागांत डॅनियल्स कडेला हाताची घडी घालून उभा असतो. झवाला निळ्या कातडीचा, चमकत्या डोळ्यांचा. रेडिक यांचा चेहरा त्यात कुठेच नाही, जे काही आहे ते आवाजात. ते स्वतः हा गेम खेळायचे, चाहत्यांनी पाठवलेली वाट्टेल ती वाक्यं झवालाच्या आवाजात वाचून व्हिडिओ टाकायचे. बातमी आली तेव्हा इथे शनिवार उजाडायचा होता. लॉगिन केलं तर टॉवरमध्ये, म्हणजे गेममध्ये खेळाडू जमतात त्या जागी, झवालाभोवती ही गर्दी, कोणी सॅल्यूट करून उभं, कोणी गुडघ्यावर. कोणी काही बोलत नव्हतं. टीव्हीवरच्या कुठल्या भूमिकेला हे मिळतं?

पडदा_पाडा
सॅल्यूट म्हणजे प्रेम, निशाचर. अभिनयाचं माप नव्हे.

डॅनियल्स नीट बघ. बढतीची हाव असलेला लेफ्टनंट, मागे संशयास्पद पैशाचं एक जुनं प्रकरण, वरिष्ठांसमोर ताठ आणि आतून घाबरलेला. पाच सीझनभर रेडिक यांनी हे सगळं पाठीच्या कण्यात धरून ठेवलंय. कमिशनरपद हातात आल्यावर गुन्ह्यांचे आकडे फिरवायला सांगतात, तेव्हा तो काही ओरडत नाही. नुसता थांबतो. हे थांबणं कॅमेऱ्याला दिसतं. गेममध्ये थांबणं म्हणजे लोडिंग.

आणि एक साधी परीक्षा. जून २०२४ ला 'डेस्टिनी'चा 'द फायनल शेप' हा नवा विस्तार आला, झवालाच्या आवाजासाठी कीथ डेव्हिड आले, गेम चालूच राहिला. डॅनियल्सच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवून दाखव.

नेपथ्य
ही परीक्षा लावली तर डॉ. लागूंचा अप्पा बेलवलकरही लहान ठरेल. 'नटसम्राट' पुढे दत्ता भटांनी केलं, यशवंत दत्तांनी केलं. भूमिका चांगली असते म्हणून पुढे जाते. ज्या भूमिकेत दुसरा कोणी पाय ठेवू धजत नाही ती नेहमी मोठीच असते असं नाही. कधी कधी ती कोणाला नकोच असते.

पडदा_पाडा
नाटकातली रिप्लेसमेंट वेगळी. आधीच्या नटाचा प्रयोग संपला की संपला. इथे रेडिक यांचा आवाज त्याच गेममध्ये शिल्लक आहे, शेजारी नवा आवाज. एका अंगरख्यात दोन माणसं.

घसा_बसला
मी मुंबईत डबिंग करते, बारा वर्षं झाली. तुमच्या भांडणात रेकॉर्डिंगचा बूथ राहूनच गेला.

समोर नट नसतो. हातात वाक्यांची यादी, कधी कधी गोष्टीच्या उलट्या क्रमाने. ओरडायची वाक्यं सत्राच्या शेवटी ठेवायची, नाहीतर घसा गेला. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं एक पात्र एकाच उंचीवर ठेवायचं म्हणजे काय ते पडदा_पाडा यांनी एकदा करून बघावं. रेडिक यांनी आधी ईस्टमनमध्ये संगीत शिकलं, मग येलमध्ये नाटक. ऐकून कळतं. वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरतो पण सूर सुटत नाही.

आता 'एका अंगरख्यात दोन माणसं'. तसं ते मुद्दाम ठेवलंय. पहिल्या 'डेस्टिनी'त घोस्ट या पात्राला, म्हणजे खेळाडूच्या छोट्या यांत्रिक सोबत्याला, पीटर डिंकलेज यांचा आवाज होता. २०१५ ला गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीने नोलन नॉर्थकडून सगळी वाक्यं पुन्हा बोलून घेतली आणि डिंकलेज यांचा आवाज पुसून टाकला. रेडिक यांची जुनी वाक्यं मात्र तशीच ठेवली. कीथ डेव्हिडही नक्कल करत नाहीत. २००४ च्या 'हेलो २' मधल्या आर्बिटर या पात्राचा आवाज तेच, तोही बंजीचाच गेम. स्वतःचा आवाज घेऊन आले. आमच्या धंद्यात गेलेल्या माणसाचा मान असाच राखतात.

चेसापीक
बाल्टिमोरपासून अर्ध्या तासावर राहतो. रेडिक मूळचे तिथलेच. ऑफिसात डॅनियल्स म्हटलं की सगळे माना डोलावतात. घरी मुलाला विचारलं तर म्हणाला, "कोण डॅनियल्स? तो झवाला आहे." वयाचा प्रश्न आहे हो हा.

फुकट_सल्ला
एवढा घोळ कशाला? एआयने रेडिक यांचाच आवाज बनवा. विषय संपला.

घसा_बसला
विषय तिथेच सुरू होतो. याच मुद्द्यावर अमेरिकेत गेमसाठी काम करणारे नट जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संपावर होते. मे २०२५ ला 'फोर्टनाइट'मध्ये डार्थ वेडर एआयने वेडरचा मूळ आवाज असलेल्या दिवंगत जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात बोलू लागला, घरच्यांच्या संमतीने. तरी नटांच्या युनियनने तक्रार केलीच, कारण तो आवाज कोणीतरी बूथमध्ये उभं राहून दिला असता आणि त्याचा मोबदला घरी नेला असता. रेडिक यांचा आवाज मशीनकडून काढला असता तर कीथ डेव्हिड यांचं काम गेलं असतं. सल्ला खरंच फुकटचा आहे.

पडदा_पाडा
घसा_बसला, बूथचा मुद्दा मान्य. माझं 'लोडिंग' मागे घेतो.

पण मग झवालापेक्षा रेडिक यांच्याच सायलेन्स या दुसऱ्या गेममधल्या पात्राबद्दल बोला ना. 'होरायझन'मध्ये २०१७ ला आणि २०२२ ला चेहराही रेडिक यांचा, आवाजही. तिथे मी गेममधलं मौन पाहिलंय. तो समोरच्याला मदत करतोय की वापरतोय हे भुवईवरून ओळखावं लागतं. त्याचाच विस्तार 'बर्निंग शोअर्स' तर ते गेल्यावर महिन्याभराने आला. तिथे रिप्लेसमेंट कशी करणार? चेहरा ठेवून आवाज बदलणार? निशाचर चुकीच्या भूमिकेची वकिली करतोय.

निशाचर
सायलेन्स बारीक आहे, कबूल. पण त्यात अर्ध्याहून जास्त काम चेहऱ्याने केलं, म्हणजे तुझ्याच कॅमेऱ्याच्या बाजूला गेलं. झवालाकडे भुवईची सोय नव्हती.

एक गोष्ट मघाशी लिहिली नाही. 'फायनल शेप'मध्ये झवालाची श्रद्धा ढासळते, त्याचा घोस्ट टार्ज त्याच्यासाठी जीव देतो. त्या प्रसंगात कीथ डेव्हिड बोलत होते आणि मला मधली काही मिनिटं रेडिक आठवलेच नाहीत. कंट्रोलर खाली ठेवला. स्वतःचाच राग आला.

नेपथ्य
दत्ता भट पहिल्यांदा बघणाऱ्यांचंही असंच झालं असेल.

निशाचर
असेल. बरं, पडदा_पाडा, तो आकड्यांचा प्रसंग कितव्या भागात? आज तिथपर्यंत बघून टाकतो.

पडदा_पाडा
शेवटच्या. तू अजून तिसऱ्या सीझनमध्ये आहेस, आज काही पोचत नाहीस. झोप.