फक्त इंग्रजीवर? नेदरलँड्स विसरू नका

युरोपात सॉफ्टवेअरची नोकरी हवी आणि जर्मन येत नसेल, तर आयर्लंडशिवाय पर्याय नाही, असं कुणीतरी म्हटलंय. तितकंसं पटलं नाही. नेदरलँड्स राहिलंच की! अ‍ॅमस्टरडॅम, आइंडहोवनकडच्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांत कामकाज इंग्रजीतच चालतं. तिथे उच्चकुशल कर्मचाऱ्याच्या परवान्यासाठी अर्ज कंपनीच करते, पण ती सरकारमान्य प्रायोजक असावी लागते. अशा मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी आयएनडी या तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर सगळ्यांना खुली आहे. आधी ती बघा, मग अर्ज करा. दिसेल तिथे सीव्ही टाकत सुटण्यात दम नाही.

बर्लिनच्या स्टार्टअपमध्येही इंग्रजीवर भागतं. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवी नसली तरी तीन वर्षांच्या योग्य अनुभवावर जर्मनीचं ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना, मिळू शकतं (पगाराची अट आहेच). पण घर शोधताना आणि सरकारी पत्रं वाचताना जर्मनवाचून अडतंच. शिवाय ब्लू कार्डवर कायम वास्तव्याचा परवाना जर्मन ए१ (अगदी प्राथमिक) पातळीवर २७ महिन्यांनी मिळतो, बी१ (मध्यम पातळी) असेल तर २१ महिन्यांनी. पुण्यात असाल तर जर्मन शिकवणाऱ्या मॅक्स म्युलर भवनात, तिकडे निघण्याआधीच, ए१ उरकून टाका. तिकडे गेल्यावर नोकरी सांभाळून क्लास करणं जिवावर येतं.